दहा आणि साठ मिलिमोलरच्या मधलं अंतर: आरएनेज पी आणि मॅग्नेशियमचं प्रकरण

येल विद्यापीठातल्या सिडनी ऑल्टमन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ साली प्रसिद्ध केलेलं निरीक्षण थोडक्यात असं होतं. बफरमध्ये (प्रयोगाच्या द्रावणात) मॅग्नेशियम ५ ते १० मिलिमोलर (एक मिलिमोलर म्हणजे लिटरमागे मोलचा हजारावा भाग) असेल तर आरएनेज पी या, टीआरएनएचं जास्तीचं टोक कापणाऱ्या, एन्झाइमला आरएनए आणि प्रथिन हे दोन्ही भाग लागतात. मॅग्नेशियम ६० मिलिमोलर केलं की प्रथिन वगळूनही काम होतं. याचा अर्थ खरा उत्प्रेरक आरएनएच होता, आणि त्यासाठी ऑल्टमन यांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल थॉमस चेक यांच्यासह मिळालं. ती गोष्ट पुष्कळदा सांगून झाली आहे. मला इथे बोलायचं आहे ते त्या ६० च्या आकड्याबद्दल. १० ला जे होत नाही ते ६० ला का होतं? मीठ, म्हणजे इथे मॅग्नेशियमचा क्षार, वाढवल्यावर नेमकी कुठली उणीव भरून निघाली?

‘आरएनएची घडी (साखळी दुमडून बनणारा ठरावीक आकार) नीट बसली’ हे उत्तर पटकन तोंडावर येतं. मीठ आणि आरएनए यांचा संबंध शिकवताना घडीचाच विषय निघतो, त्यामुळे ते साहजिक आहे. पण या प्रकरणात ते उत्तर फार दूर नेत नाही.

एन्झाइम आणि त्याचं काम

पेशीत टीआरएनए (प्रथिन बांधताना अमिनो आम्लं आणून देणारा छोटा आरएनए) तयार होतो तेव्हा तो हवा त्यापेक्षा लांब असतो. त्याच्या पाच-प्राइम टोकाला (साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला) एक जास्तीचा तुकडा जोडलेला असतो. ई. कोलाय या जीवाणूच्या टायरोसीन टीआरएनएमध्ये हा तुकडा ४१ न्यूक्लिओटाइडांचा (साखळीतल्या कड्यांचा) आहे. ऑल्टमन आणि जॉन स्मिथ यांनी १९७१ मध्ये केंब्रिजला तो दाखवला. आरएनेज पी हा तुकडा एकाच ठरलेल्या जागी कापतं. बीजरेणू वेगवेगळे असले, तरी प्रत्येकात कापायची जागा बिनचूक सापडते. (‘बीजरेणू’ हा शब्द मी इथे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं त्या न कापलेल्या टीआरएनएसाठी वापरतो आहे.)

ई. कोलायमध्ये या एन्झाइमचे दोन भाग असतात. एम१ आरएनए ३७७ न्यूक्लिओटाइडांचा आहे, आणि सी५ हे छोटं, धनभारित प्रथिन ११९ अमिनो आम्लांचं आहे. वजनात आरएनए प्रथिनाच्या साधारण नऊ पट भरतो. १९७८ मध्ये ऑल्टमन यांचे विद्यार्थी बेंजामिन स्टार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आरएनए नष्ट केला तर एन्झाइमचं काम थांबतं. त्यांनी वापरलेलं न्यूक्लिएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) चालायला कॅल्शियम लागतं आणि कॅल्शियम पकडून ठेवलं की ते बंद होतं, म्हणून आरएनए नष्ट करून पुढची चाचणी घेणं शक्य झालं. आयनांवर ताबा असण्याचा या कथेतला तो पहिला फायदा.

तरी आरएनए स्वतः कापत असेल असं तेव्हा फारसं कुणी गृहीत धरलं नाही. एन्झाइम म्हणजे प्रथिन, ही समजूत तेव्हा पक्की होती. आरएनए फार तर बीजरेणू ओळखण्यासाठी किंवा प्रथिनाला आधार देण्यासाठी असेल, असं मानलं जाई.

१९८३ चा प्रयोग

डेन्व्हरला नॉर्मन पेस यांचा गट बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जीवाणूतल्या आरएनेज पीवर काम करत होता. दोन्ही गटांनी मिळून अदलाबदलीचे प्रयोग केले: एका जीवाणूचा आरएनए, दुसऱ्याचं प्रथिन. कमी मॅग्नेशियममध्ये ही मिश्र एन्झाइमं चालली. दोन जीवाणूंच्या उत्क्रांतीतलं अंतर पाहता तेही लक्षवेधीच होतं. पण या शोधनिबंधाचं वजन दुसऱ्या निरीक्षणात होतं. सेसिलिया गेरिए-ताकादा यांच्या प्रयोगात ६० मिलिमोलर मॅग्नेशियम असताना, प्रथिन न घातलेल्या नळीतही बीजरेणू कापला जात होता. जीवाणू कुठलाही असो, नुसता आरएनए पुरत होता. नुसतं प्रथिन मात्र कुठल्याच बफरमध्ये काही करत नव्हतं.

त्याच निबंधात आणखी दोन निरीक्षणं होती, आणि आज मागे वळून पाहताना मला ती जास्त बोलकी वाटतात.

एक, ६० मिलिमोलर मॅग्नेशियमऐवजी १० मिलिमोलर मॅग्नेशियम आणि १ मिलिमोलर स्पर्मिडीन चालतं. स्पर्मिडीन हा तीन धन भारांचा सेंद्रिय रेणू पेशीत नेहमी असतो. म्हणजे ५० मिलिमोलर मॅग्नेशियमची भर एका मिलिमोलर स्पर्मिडीनने निघत होती. नुसत्या मात्रेवर सगळं अवलंबून असतं तर हे घडलं नसतं.

दोन, बीजरेणू म्हणून टीआरएनएऐवजी ई. कोलायच्या ४.५एस आरएनएचं (पेशीतल्या दुसऱ्या एका छोट्या आरएनएचं) पूर्वरूप दिलं, तर त्या प्रयोगांत फक्त प्रथिनासह बनलेली एन्झाइमंच त्याला कापू शकली, आणि तीही एम१ आरएनए असेल तरच. म्हणजे मीठ ही प्रथिनाची पूर्ण बदली नाही. काही बीजरेणूंसाठी ती बदली चालते, काहींसाठी चालत नाही.

शंका उघड होती. आरएनएच्या नमुन्यात प्रथिनाचे अंश उरले असतील आणि जास्त मॅग्नेशियममध्ये तेच काम करत असतील, तर? पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, गेरिए-ताकादा आणि ऑल्टमन यांनी एम१ आरएनए पेशीतून न काढता नळीत जनुकावरून लिहून घेतला. ई. कोलायच्या पेशीशी त्याचा संबंधच आला नव्हता. तोही कापत होता. शंका तिथे मिटली आणि ‘का’ हा प्रश्न उरला.

भाराचं गणित

आरएनएच्या साखळीत प्रत्येक न्यूक्लिओटाइडमागे एक फॉस्फेट आणि प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण भार असतो. एम१ आरएनएवर अशा पावणेचारशे ऋण भारांचं ओझं आहे. साखळी सरळ पडून राहिली तर ते फारसं जाणवणार नाही. पण तिला गोळा व्हायचं म्हटलं, म्हणजे एक हेलिक्स (पिळदार दुहेरी पट्टी) दुसऱ्या हेलिक्सला टेकवायची म्हटलं, की फॉस्फेट फॉस्फेटच्या जवळ येतात आणि एकमेकांना ढकलतात. धन आयन आजूबाजूला नसतील तर घडी बसणारच नाही.

हे नवीन ज्ञान नव्हतं. १९६६ मध्ये प्रिन्स्टनला लिंडाल, अ‍ॅडम्स आणि फ्रेस्को यांनी दाखवलं होतं की आकार गमावून निष्क्रिय झालेला टीआरएनए मॅग्नेशियमच्या सोबतीने मूळ आकारात परत येतो. (हेच टोमास लिंडाल. पुढे डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं.) म्हणजे आरएनएला मॅग्नेशियम लागतं हे १९८३ मध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर नेहमीच्या बफरमध्ये १० मिलिमोलर घातलेलं असायचं.

आयन हे काम कसे करतात? बहुतेक आयन आरएनएला कुठेही चिकटलेले नसतात. ते त्याच्या भोवती दाटीने फिरत असतात आणि सतत बदलत असतात. वारीत चालणारी माणसं बदलत राहतात, पण पालखीभोवतीची गर्दी कायम असते, तसं. या गर्दीचा हिशेब जेराल्ड मॅनिंग यांच्या १९६९ पासूनच्या सिद्धांताने मांडता येतो. पाण्यात दोन एकेरी भारांमधली ऊर्जा तापीय ऊर्जेइतकी होते ते अंतर सुमारे ०.७ नॅनोमीटर आहे. डीएनएच्या दुहेरी हेलिक्समध्ये भारांमधलं सरासरी अंतर ०.१७ नॅनोमीटर, म्हणजे बरंच कमी. या फरकामुळे सोडियमसारखे एकेरी आयन हेलिक्सच्या सुमारे ७६ टक्के भाराला झाकून टाकतात, तर मॅग्नेशियमसारखे दुहेरी आयन ८८ टक्के. दुहेरी हेलिक्सच्या आरएनएला हेच चित्र ढोबळमानाने लागू पडतं.

७६ आणि ८८ यांतला फरक किरकोळ वाटेल. उलट बाजूने पाहा: न झाकलेला भार २४ वरून १२ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर येतो. शिवाय एक मॅग्नेशियम आयन दोन सोडियम आयनांना बाहेर सोडतो. सुटलेल्या आयनांना मोकळं फिरायला मिळाल्याने एन्ट्रॉपीचा फायदा होतो, आणि या देवघेवीचा कल मॅग्नेशियमच्या बाजूला झुकतो. तीन भारांचं स्पर्मिडीन याच वाटेने आणखी पुढे जातं. एक मिलिमोलर स्पर्मिडीन पुरतं ते यामुळे.

आता १० आणि ६० ची तुलना करू. द्रावणात एखाद्या भाराचा प्रभाव किती अंतरापर्यंत पोचतो याचं एक साधं सूत्र आहे, डिबाय आणि ह्युकेल यांचं. फक्त मॅग्नेशियम क्लोराइड धरलं तर १० मिलिमोलरला हे अंतर १.७६ नॅनोमीटर येतं आणि ६० मिलिमोलरला ०.७२. आरएनएच्या हेलिक्सची जाडी दोन नॅनोमीटरहून थोडी जास्त. म्हणजे १० ला एका हेलिक्सचा ऋण भार शेजारच्या हेलिक्सला लांबूनच जाणवतो, ६० ला जवळजवळ टेकेपर्यंत जाणवत नाही. सूत्र सौम्य द्रावणांसाठीचं आहे. आरएनएइतक्या दाट भाराजवळ ते तंतोतंत लागू होत नाही, आणि खऱ्या बफरमध्ये अमोनियमसारखे इतर आयनही असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी. दिशा कळावी एवढ्यापुरतेच हे आकडे घ्यावेत.

घडी दोषी का नाही

टाओ पॅन आणि टोबिन सॉस्निक यांनी १९९० च्या दशकात बॅसिलस सबटिलिसच्या आरएनेज पी आरएनएची घडी बसताना बारकाईने पाहिली. मॅग्नेशियमशिवाय हा आरएनए सैल, पसरलेला असतो, पण त्याच्या छोट्या केसपिनांसारख्या दुहेरी पट्ट्या बहुतांशी तयार असतात. त्या पट्ट्यांना नुसतं सोडियम किंवा पोटॅशियमही पुरतं. थोडं मॅग्नेशियम मिळालं की रेणू आकसून मधल्या अवस्थेत येतो, आणखी थोडं मिळालं की अंतिम घडीत. हा बदल हळूहळू होत नाही. मात्रेच्या एका अरुंद पट्ट्यात झटक्यात होतो, कारण एका आयनाने जागा घेतली की पुढच्याला सोपं जातं.

आणि तो अरुंद पट्टा येतो काही मिलिमोलरलाच.

या एका गोष्टीने प्रकरणाची दिशा बदलते. घडी काही मिलिमोलरला बसते, मग १० ला आरएनए घडी घातलेलाच आहे. तरीही तो एकटा कापत नाही. ६० पर्यंत नेण्याची गरज दुसऱ्याच कशासाठी तरी आहे.

हे म्हणताना थोडी सावधगिरी हवी. पॅन-सॉस्निक यांचं काम बॅसिलसच्या आरएनएवर होतं, ई. कोलायच्या नव्हे. शिवाय ‘घडी बसली’ म्हणजे प्रत्येक अणू जागेवर आला असं नव्हे. सक्रिय केंद्राजवळचे काही भाग जास्त मॅग्नेशियमला किंवा प्रथिनाच्या सोबतीने अधिक घट्ट होतात. तरी मुख्य रचना उभी राहण्यासाठी ६० लागत नाही, एवढं नक्की.

याच कामातून घडीबद्दल आणखी एक उलटी गोष्ट कळली. मॅग्नेशियम जास्त असणं नेहमी सोयीचं नसतं. चुकीच्या जोड्या एकदा जुळल्या की मॅग्नेशियम त्यांनाही तितक्याच इमानाने घट्ट धरतं, आणि रेणू चुकीच्या घडीत अडकून बसतो. अशा वेळी थोडा युरिया घातला तर घडी उलट लवकर बसते. युरिया घडी मोडणारा पदार्थ, पण इथे तो चुकीची घडी सोडवतो. चेक यांच्या, टेट्राहायमेना या एकपेशीय जीवातल्या रायबोझाइममध्येही (उत्प्रेरक आरएनएमध्येही) असंच दिसलं. मीठ घडी घट्ट करतं. बरोबर कुठली आणि चूक कुठली, हे त्याला कळत नाही. ही आंधळी मदत पुढे पुन्हा भेटेल.

दोन आरएनएंची भेट

घडी नाही, तर मग काय? १९८८ मध्ये पेस यांच्या गटातल्या क्लाउडिया राइश आणि सहकाऱ्यांनी वेगांची मोजमापं करून उत्तर दिलं. मला हे या प्रकरणातलं सगळ्यात देखणं काम वाटतं, कारण त्यात चमकदार उपकरण नाही, रचनेचं रंगीत चित्र नाही. फक्त दर मोजले आणि कुठली पायरी अडते ते शोधलं.

अडचण भेटीत होती. एन्झाइम आरएनए आहे आणि ज्याला कापायचं तोही आरएनए. दोन्ही ऋणभारित, दोन्ही मोठे. कमी मिठात ते एकमेकांना ढकलतात आणि नीट भिडत नाहीत. मीठ वाढवलं की ढकलाढकल कमी होते, बीजरेणू जाऊन बसतो आणि कापला जातो. म्हणजे ६० मिलिमोलरने मुख्यतः जोडणीचा प्रश्न सोडवला.

पण याची किंमत मोजावी लागली. कापून झाल्यावर तयार झालेला टीआरएनएही आरएनएच आहे. मीठ जसं बीजरेणूला एन्झाइमजवळ धरून ठेवतं तसंच कापलेल्या मालालाही. तो सुटत नाही, जागा अडवतो आणि एन्झाइमची पुढची फेरी रखडते. एकट्या आरएनएचा वेग कमी पडतो तो काप घालण्यात नाही, माल सोडण्यात.

यावरून राइश आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की छोटं, धनभारित प्रथिन म्हणजे धन भारांचा एक स्थानिक साठा. सगळ्या द्रावणात मीठ ओतण्याऐवजी नेमक्या जागी भार पुरवायचा. त्याने बीजरेणू चिकटतो आणि मालही सुटतो.

कल्पना सुंदर आहे आणि अर्धी बरोबर निघाली. दुसरा अर्धा भाग कॅरोल फिअर्के यांच्या गटाने १९९८ च्या सुमारास पुरा केला. प्रथिन फक्त भार झाकत नव्हतं. ते बीजरेणूच्या त्या जास्तीच्या पाच-प्राइम तुकड्याला थेट स्पर्श करत होतं. त्यामुळे प्रथिन असताना एन्झाइमला न कापलेला टीआरएनए कापलेल्यापेक्षा खूप जास्त आवडतो. काप पडला की तो तुकडा वेगळा होतो, पकड ढिली होते आणि माल निघून जातो. २०१० मध्ये थर्मोटोगा मॅरिटिमा या उष्णताप्रेमी जीवाणूच्या पूर्ण एन्झाइमची स्फटिकरचना मिळाली, तीही टीआरएनएसह. अल्फान्सो मोंड्रॅगॉन यांच्या गटाचं हे काम. टीआरएनएला धरण्याचं बहुतेक काम आरएनए करतो आणि प्रथिन बसलं आहे त्या तुकड्याच्या वाटेवर, हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

मीठ आणि प्रथिन यांतला फरक मला इथे दिसतो. मीठ सगळ्यांची ढकलाढकल सारखीच कमी करतं, तर प्रथिन माणूस पाहून दार उघडतं.

४.५एस आरएनएचं कोडंही या बाजूने उलगडतं. मायकल हॅरिस यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की सी५ सगळ्या बीजरेणूंना सारखी मदत करत नाही. जे एकट्या आरएनएला नीट भिडत नाहीत त्यांना जास्त मदत, जे मुळातच चांगले भिडतात त्यांना कमी. परिणामी पेशीतले वेगवेगळे बीजरेणू जवळपास सारख्या दराने कापले जातात. कमकुवत बीजरेणूला नेमका हात देणं मिठाला जमणार नाही.

कापणारे आयन वेगळे

आतापर्यंत मॅग्नेशियम जणू फक्त धन भाराचं पोतं होतं. तेवढंच असतं तर चार मोलर लिथियमनेही काम भागलं असतं. काही रायबोझाइमांचं भागतंही: हॅमरहेड, हेअरपिन आणि व्हीएस ही तीन छोटी रायबोझाइमं मॅग्नेशियमशिवाय, मोलर पातळीच्या एकेरी आयनांमध्ये चालतात असं १९९८ मध्ये दिसलं आणि बऱ्याच जणांना धक्का बसला. त्यांना मॅग्नेशियम फक्त घडीसाठी हवं होतं.

आरएनेज पी त्या गटात बसत नाही. १९९२ मध्ये पेस यांच्या गटाने मॅग्नेशियमऐवजी कॅल्शियम वापरून पाहिलं. बीजरेणू छान चिकटला, पण काप हजारो पटींनी मंदावला. कॅल्शियमवरही दोनच धन भार असतात, तरी घडी आणि भेट साधली आणि काप अडला. म्हणजे कापण्यासाठी मॅग्नेशियमचे स्वतःचे गुण लागतात. मॅग्नेशियम आयन लहान आहे, त्रिज्या सुमारे ०.०७२ नॅनोमीटर, कॅल्शियमची ०.१०. लहान असल्याने त्याचा भार दाट असतो. भोवती सहा पाण्याचे रेणू तो अष्टफलकात घट्ट धरतो आणि ते मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने बदलतात. कॅल्शियमभोवतीचं पाणी याच्या निदान शेकडो पट वेगाने ये-जा करतं. सक्रिय केंद्रात पाण्याचा रेणू नेमक्या कोनात धरून फॉस्फेटवर सोडायचा असेल तर ही घट्ट, ठरलेली मांडणी उपयोगी पडते.

असे कामाचे आयन किती? १९९३ मधल्या मोजमापांत कापण्याचा वेग मॅग्नेशियमच्या सुमारे तिसऱ्या घातानुसार वाढताना दिसला, म्हणजे किमान तीन आयनांचा सहभाग. १९९६ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने काप पडतो त्या फॉस्फेटवरचा एक ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवला. मॅग्नेशियमला गंधक आवडत नाही, म्हणून काप जवळजवळ बंद पडला. कॅडमियमला तो आवडतो. कॅडमियम घातल्यावर काप पुन्हा सुरू झाला. एक धातू आयन त्या ऑक्सिजनला थेट धरून असतो, याचा याहून सरळ पुरावा मागायला जागा उरत नाही. एक अणू बदलून एवढा निवाडा होणं मला आजही थोडं अविश्वसनीय वाटतं.

तर ६० मिलिमोलरमध्ये मॅग्नेशियम निदान तीन वेगळी कामं करत होतं. आरएनए गोळा करणं, जे थोडक्यातच भागलं होतं. दोन आरएनएंना भेटू देणं, ज्यासाठी आकडा चढवावा लागला. आणि प्रत्यक्ष काप, ज्यासाठी मोजकेच आयन ठरलेल्या जागी लागतात. तिन्हींची गरज वेगवेगळ्या मात्रेला भागते, पण नळीत आपण फिरवतो ती खुंटी एकच.

टेबलावरचे मुद्दे

असे प्रयोग करणाऱ्यांसाठी काही गोष्टी या प्रकरणातून थेट निघतात.

आरएनए उकळून थंड करायचा आणि मग घडी घालायची, ही नेहमीची पद्धत. गरम करताना मॅग्नेशियम घालू नये. ९० अंशांना मॅग्नेशियम आरएनएच्या साखळीतल्या दोन-प्राइम हायड्रॉक्सिलला शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करायला मदत करतं आणि साखळी जागोजागी तुटते. आधी गरम, मग थोडं थंड, मग मॅग्नेशियम, मग ३७ किंवा ५० अंशांना काही वेळ.

आरएनए साठवण्याच्या बफरमधलं ईडीटीए मॅग्नेशियमला एकास एक प्रमाणात पकडतं. दहा मिलिमोलरच्या प्रयोगात एक-दोन मिलिमोलर ईडीटीए आलं तर ‘दहा’ हा आकडा कागदावरच राहतो. घडीचा बदल अरुंद पट्ट्यात होत असल्याने एवढा फरकही निकाल उलटवू शकतो. एटीपीही मॅग्नेशियम धरतं. आणि मॅग्नेशियम क्लोराइडची भुकटी हवेतली ओल खेचते. बाटली जुनी असेल तर वजन करून बनवलेलं एक मोलर द्रावण एक मोलर असेलच असं नाही. तयार द्रावण विकत घेणं बरं.

आरएनएची घडी सांगणारे संगणकी कार्यक्रम जी ऊर्जेची मूल्यं वापरतात ती बहुतांश एक मोलर सोडियम क्लोराइडमध्ये मोजलेली आहेत. दुहेरी पट्ट्यांपुरतं ते सुमारे १० मिलिमोलर मॅग्नेशियम आणि थोड्या सोडियमच्या जवळपास येतं, म्हणून चालून जातं. पट्ट्या एकमेकींवर कशा रचल्या जातात याबद्दल ते आकडे काही सांगत नाहीत. आणि आरएनेज पीचा सगळा डाव त्या रचनेवर आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मिठाची मात्रा वाढवून काही ‘चालू’ झालं तर कुठली पायरी चालू झाली ते वेगळं मोजावं लागतं. जेलवर कापलेल्या तुकड्याची पट्टी दिसली म्हणून घडी सुधारली असं होत नाही.

पेशीच्या आत

ई. कोलायच्या पेशीत एकूण मॅग्नेशियम १०० मिलिमोलरच्या घरात असतं, पण बहुतेक रायबोसोम, एटीपी आणि इतर रेणूंनी धरलेलं. मोकळं राहतं ते एक-दोन मिलिमोलर. म्हणजे पेशी १० लाही पोचत नाही, ६० तर दूरच. तिथे प्रथिनाशिवाय भागत नाही, आणि याचा पुरावा ऑल्टमन यांच्या शोधाच्या दहा वर्षं आधीच हातात होता: १९७३ मध्ये शेडल आणि प्रिमाकॉफ यांनी ई. कोलायचे तापमान-संवेदनशील उत्परिवर्ती वेगळे केले होते. त्यांतल्या एकात सी५ प्रथिनाचं जनुक बिघडलेलं होतं. तापमान वाढलं की टीआरएनएची पूर्वरूपं साचत आणि पेशी वाढत नसे. आरएनए उत्प्रेरक आहे म्हणून प्रथिन सजावटीपुरतं, असा निष्कर्ष काढणाऱ्याने हा उत्परिवर्ती आठवावा.

जीवसृष्टीत पुढे सरकलं की तोल आणखी झुकतो. जीवाणूंमध्ये एक प्रथिन, आर्कियांमध्ये (जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या एकपेशीय जीवांमध्ये) चार-पाच, माणसाच्या केंद्रकातल्या एन्झाइममध्ये दहा. काही आर्कियांचा आरएनए एकट्याने कापतो, पण त्यासाठी फार जास्त मीठ लागतं. १९९९ मध्ये जेम्स ब्राउन यांच्या गटाने ते दाखवलं. माणसाच्या आरएनएबद्दल तर बरीच वर्षं समज होता की तो एकट्याने काहीच करत नाही. २००७ मध्ये स्वीडनमधल्या लेइफ किर्सेबोम यांच्या गटाने तोही प्रथिनाशिवाय कापतो हे दाखवलं, मात्र अतिशय मंद गतीने. उत्प्रेरणाची क्षमता आरएनएत टिकून आहे, पण घडी सांभाळण्याचं आणि भेट घडवण्याचं काम प्रथिनांकडे गेलं आहे. मीठ कितीही ओतलं तरी ते सगळं परत आरएनएकडे येत नाही.

आणि माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात तर आरएनए उरलेलाच नाही. २००८ मध्ये व्हिएन्नातल्या एका गटाने दाखवलं की तिथे तोच काप नुसती प्रथिनं घालतात, तीन प्रथिनांच्या जोडणीने. घडी घालायला आरएनए नाही, म्हणून ऋण भारांचं ओझं नाही, एन्झाइम आणि बीजरेणूची ढकलाढकल नाही, साठ मिलिमोलरचा प्रश्नच उद्भवत नाही. या प्रथिनांची वनस्पतीतली भावंडं २०१२ मध्ये स्फटिकरचनेत पाहिली गेली, तेव्हा सक्रिय केंद्रात फॉस्फेटच्या जागेजवळ दोन धातू आयन बसलेले सापडले.